चेक भरला, पैसे कुठे अडले?

शेतकरी बंधूंनो, माल विकला, हिशेबपट्टी हातात आली, चेक मिळाला आणि तो बँकेत भरला, की आपण म्हणतो, "झालं, पैसे आले." पण चेक भरणे आणि पैसे हातात येणे यांच्यामध्ये एक नाला आहे. उन्हाळ्यात तो कोरडा दिसतो म्हणून आपण त्याला मोजत नाही. ऐन पेरणीच्या वेळी मात्र तोच नाला आडवा येतो. आज त्या नाल्याविषयी लिहायचे आहे.

गोष्ट जून २०२२ ची. मृग लागला होता. कोकणात पाऊस पोचल्याची बातमी होती आणि आपल्याकडे सगळ्यांच्या नजरा आभाळाकडे. येवला तालुक्यातल्या एका गावात मी कृषी विस्ताराच्या कामासाठी जातो. तिथल्या एका तात्यांनी शुक्रवारी, १० जूनला, चाळीतला कांदा बाजार समितीत विकला. तोलाई-हमाली वजा जाता ८१ हजार ४०० रुपये झाले. व्यापाऱ्याने चेक दिला. तात्या तसेच बँकेत गेले. दुपारचे तीन वाजले होते. काउंटरवर गर्दी, म्हणून त्यांनी स्लिप भरून चेक पेटीत टाकला आणि गाव गाठले.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा दुसरा शनिवार, बँक बंद. मग रविवार. सोमवारी पेटी उघडली. त्या शाखेत चेक स्कॅन करायची सोय नव्हती, म्हणून चेक तालुक्याच्या मोठ्या शाखेत गेला. मंगळवारी, वटपौर्णिमेच्या दिवशी, तो क्लिअरिंगला लागला आणि खात्यात नोंद पडली. बुधवारी सकाळी तात्यांनी पासबुक छापून घेतले. नोंद स्पष्ट होती: ८१ हजार ४०० जमा.

तात्या मला कृषी सेवा केंद्रासमोर भेटले. पासबुक पुढे करून म्हणाले, "साहेब, बघा बरं, आले का?" मी पाहिले आणि छातीठोक सांगितले, "आले की तात्या. जा, काढा आणि बियाणं उचला." तात्या बँकेत गेले. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने सांगितले, "रक्कम होल्डवर आहे. उद्या या."

इकडे दुकानदाराला शब्द दिलेला. मक्याचे हवे ते वाण संपत आले होते, खताची गाडी नुकतीच खाली झाली होती आणि दुकानदार उधारीला तयार नव्हता. तात्यांनी गावातल्या एकाकडून २० हजार रुपये उचलले. शेकडा पाच रुपये महिना. महिन्याचे व्याज आधीच कापून हातात १९ हजार दिले. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, बँकेतले पैसे मोकळे झाले. तात्या लगेच २० हजार परत करायला गेले, तर उत्तर मिळाले, "महिन्याचं व्याज ते महिन्याचंच. एक दिवस ठेवा नाहीतर तीस दिवस."

म्हणजे एका दिवसाची किंमत पडली एक हजार रुपये. पैसे स्वतःचे, बँकेत पडलेले. आणि व्याज भरले दुसऱ्याच्या पैशावर. त्यात माझाही वाटा होता, कारण "आले की" हे मीच म्हणालो होतो. संध्याकाळी तात्यांनी मला विचारले, "साहेब, पासबुकात पैसे माझे आणि बँक म्हणते थांबा. मग ते पासबुक कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मी शेतीची पदविका घेतलेला माणूस. कांद्यावरचा करपा मला ओळखता येतो, पण पासबुकातल्या 'जमा'चा अर्थ कळत नव्हता. मग मी बँकेच्या शाखाधिकाऱ्यांपुढे जाऊन बसलो आणि समजून घेतले. त्यानंतर नियमही वाचले. जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो.

'जमा' वेगळे, 'उपलब्ध' वेगळे

खात्याला दोन शिल्लक असतात. एक नोंदीची आणि दुसरी काढता येण्याजोगी. बँकेच्या भाषेत दुसरीला 'उपलब्ध शिल्लक' म्हणतात. चेक क्लिअरिंगला गेला की पुष्कळ बँका खात्यावर त्याची नोंद टाकतात, पण ती नोंद म्हणजे पैशाची सावली. पैसे अजून व्यापाऱ्याच्याच बँकेत असतात. त्याची बँक 'होय' म्हणाली, की सावलीचे पैसे होतात. 'नाही' म्हणाली, की नोंद उलटी फिरते. मधल्या काळात रक्कम काढता येत नाही, तो होल्ड.

म्हणून पासबुक पाहून समाधान मानू नका. काउंटरवर किंवा मोबाईलवर एकच विचारा: "उपलब्ध शिल्लक किती?" हा एक प्रश्न त्या बुधवारी मी विचारला असता, तर तात्यांचे हजार रुपये वाचले असते.

बँक थांबवते तरी का?

आपल्याला वाटते, बँक मुद्दाम अडवते. तसे प्रत्येक वेळी नसते. त्याच शिवारातल्या दुसऱ्या एका शेतकऱ्याचे उदाहरण सांगतो. बँकेत ओळख होती म्हणून त्याला चेक वटण्याआधीच उचल मिळाली. त्याने ती ट्रॅक्टरच्या भाड्यात आणि मजुरीत वाटूनही टाकली. दोन दिवसांनी व्यापाऱ्याचा चेक परत आला, कारण खात्यात पुरेशी रक्कम नव्हती. बँकेने दिलेले पैसे परत मागितले, वर चेक परतीचा आकार लावला. बिचाऱ्याचा कांदाही गेला आणि अंगावर बँकेचे देणेही बसले.

तेव्हा होल्ड हा मुळात कुंपणासारखा आहे. कुंपण असावेच. फक्त ते किती दिवसांचे आणि कुणाच्या सोयीचे, हे आपल्याला माहीत पाहिजे.

चेकचा प्रवास

पूर्वी कागदी चेक थैलीतून एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जायचा. बाहेरगावचा चेक असला तर आठ-पंधरा दिवस सहज जात. आता चेकचा फोटो जातो, कागद आपल्याच बँकेत राहतो. या पद्धतीला चेक ट्रंकेशन म्हणतात. देशात ती २००८ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि २०१३ मध्ये मुंबईत आली. सर्व शाखा ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत या पद्धतीत आणा, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. मात्र प्रत्येक शाखेत स्कॅनर ठेवायचा, की लहान शाखांचे चेक मोठ्या शाखेतून पाठवायचे, हे बँकेने ठरवायचे होते. आपल्या खेड्यातल्या कितीतरी शाखा दुसऱ्या प्रकारात मोडतात. शिवाय काही सहकारी बँका स्वतः थेट क्लिअरिंगमध्ये नसतात. त्या मोठ्या बँकेमार्फत चेक पाठवतात. म्हणजे वाटेत आणखी एक थांबा.

इथे खरी मेख आहे. क्लिअरिंगचे घड्याळ आपण चेक पेटीत टाकतो तेव्हा सुरू होत नाही. चेक स्कॅन होऊन पुढे जातो तेव्हा सुरू होते. तात्यांचा चेक शुक्रवारी तीनला पेटीत पडला आणि मंगळवारी स्कॅन झाला. मधले दिवस कुठल्याच हिशेबात नव्हते. स्कॅन झाल्यावर मात्र काम नियमाप्रमाणेच चालले. त्या वेळच्या पद्धतीत चेक आज पाठवला, तर उद्या परतीचे क्लिअरिंग संपल्यावर पैसे मोकळे व्हायचे. त्याच दिवशी, नाहीतर फार तर पुढच्या कामाच्या दिवशी बँक उघडल्यापासून तासाभरात ते काढू द्यावेत, असा नियम होता. म्हणजे होल्डने घेतले दोन दिवस, पेटी आणि थैलीने घेतले चार.

चार ऑक्टोबर २०२५ पासून काय बदलले?

रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक क्लिअरिंगची पद्धत बदलली. पूर्वी दिवसभराचे चेक गठ्ठ्याने जायचे. आता ठरलेल्या वेळेत जसजसा चेक स्कॅन होईल, तसतसा तो लगेच पुढे जातो. ज्याच्यावर चेक काढला त्या बँकेने त्याच दिवशी संध्याकाळी सातच्या आत 'होय' किंवा 'नाही' सांगायचे. सांगितले नाही, तर चेक मंजूर झाला असे धरले जाते. हिशेब पुरा झाल्यावर आपल्या बँकेने तासाभरात पैसे ग्राहकाला मोकळे करायचे. सुरुवातीच्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी अडचणी आल्या, चेक अडकून पडले. पण नियम आपल्या बाजूने सुधारला आहे, हे पक्के.

आता तुम्ही म्हणाल, मग काळजी मिटली. मिटली नाही, बंधूंनो. घड्याळ अजूनही स्कॅन झाल्यावरच सुरू होते. सकाळी अकराला काउंटरवर दिलेला आणि तिथेच स्कॅन झालेला चेक संध्याकाळपर्यंत वटू शकतो. शुक्रवारी दुपारी पेटीत टाकलेला, पुढे तालुक्याला जाणारा चेक सोमवार-मंगळवारपर्यंत तसाच पडून राहू शकतो. नियम तोच, बँक तीच. फरक फक्त आपण कधी आणि कुठे चेक दिला एवढाच.

म्हणून आपल्या शाखेत जाऊन दोन गोष्टी विचारून ठेवा. एक, चेक इथेच स्कॅन होतो की दुसरीकडे जातो? दोन, आजच्या क्लिअरिंगसाठी किती वाजेपर्यंत चेक दिला पाहिजे? शक्यतो चेक काउंटरवर द्या आणि स्लिपच्या अर्ध्या भागावर शिक्का व तारीख घ्या. पेटी ठेवली आहे म्हणून काउंटरवर पोच नाकारता येत नाही. तो शिक्का पुढे तक्रारीच्या वेळी तुमचा साक्षीदार असतो. चेक वसुलीचे धोरण, म्हणजे किती दिवसांत पैसे देणार आणि उशीर झाला तर व्याज काय देणार, हे प्रत्येक बँकेने ठरवून ठेवलेले असते. ते मागून वाचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर त्या धोरणाप्रमाणे व्याज मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

चेक हातात घेतानाच बघा

बरेच चेक पैशाअभावी नाही, तर चुकीमुळे परत येतात. व्यापाऱ्याच्या पेढीवरून उठण्याआधी चेक उजेडात धरून बघा. तारीख आजची आहे की पुढची? तारखेपासून चेक तीनच महिने चालतो. १ एप्रिल २०१२ पूर्वी सहा महिने चालायचा, ते आता विसरा. अंकी आणि अक्षरी रक्कम सारखी आहे ना? तुमचे नाव बँक खात्यावर आहे तसेच आहे ना? घरात 'बापू' म्हणतात म्हणून चेकवर 'बापू' लिहिले आणि खाते 'बाबूराव' नावाने असले, तर चेक अडतो.

आणखी एक. पूर्वी खाडाखोड करून शेजारी सही केली की चालायचे. आता फोटोवर काम चालते, त्यामुळे नाव किंवा रक्कम खोडून दुरुस्त केलेला चेक क्लिअरिंगमध्ये चालत नाही. वर सही असली तरी नाही. असा चेक दिला तर सरळ सांगा, "शेठ, दुसरा लिहा." ५० हजारांच्या पुढच्या चेकसाठी 'पॉझिटिव्ह पे' नावाची सोय १ जानेवारी २०२१ पासून आहे. त्यात चेक देणारा आपल्या बँकेला चेकचा नंबर, रक्कम आणि कोणाला दिला हे आधी कळवतो. ५ लाखांपासून पुढच्या चेकला बँक ती सक्तीची करू शकते. मोठ्या व्यवहारात व्यापाऱ्याला विचारा, "बँकेला कळवलं का?" नाहीतर पैसे असूनही चेक परत येईल.

दुसऱ्या जातीचा होल्ड

गावात 'होल्ड' हा शब्द आणखी एका अर्थाने चालतो आणि तो जास्त दुखतो. चेक वटलेला असतो, पैसे खरोखर आलेले असतात, तरी बँक म्हणते, "तुमचं पीककर्ज थकलंय. रक्कम काढता येणार नाही." हा क्लिअरिंगचा होल्ड नव्हे, हा थकबाकीचा होल्ड. दोन्हींचे औषध वेगळे आहे, म्हणून रोग आधी ओळखला पाहिजे.

थकलेल्या कर्जासाठी खात्यातली रक्कम रोखण्याचा आधार बँका १८७२ च्या करार कायद्यातल्या कलम १७१ मध्ये दाखवतात. पण हा हक्क मोकाट नाही. कर्जदार आणि खातेदार एकच पाहिजे. नवऱ्याच्या कर्जासाठी पत्नीचे स्वतंत्र खाते रोखायचे, आणि ती कर्जदारही नाही की जामीनदारही नाही, हे बसत नाही. कर्जाची मुदतही संपलेली पाहिजे.

अतिवृष्टी, गारपीट किंवा दुष्काळाची सरकारी मदत येते तेव्हा शासन निर्णयात बहुधा स्पष्ट लिहिलेले असते, की ही रक्कम बँकांनी कर्ज वसुलीसाठी वळती करू नये. असा निर्णय निघाला की त्याची प्रत जवळ ठेवा. बँकेने मदतीची रक्कम अडवली, तर तोंडी वाद घालू नका. शासन निर्णयाची प्रत जोडून शाखाधिकाऱ्यांना अर्ज द्या, एक प्रत तहसीलदारांना द्या आणि दोन्हींवर पोच घ्या.

याशिवाय केवायसीची कागदपत्रे जुनी झाली, किंवा दोन वर्षांत आपण खात्यावर स्वतः काहीच व्यवहार केला नाही, तरी खाते अडते. बंद पडलेले खाते पुन्हा चालू करायला बँकेने आकार घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. कधीकधी सायबर गुन्ह्याच्या तक्रारीवरूनही रक्कम रोखली जाते. अनोळखी माणसाचे पैसे आपल्या खात्यावर घेतले, की असे होते. अशा वेळी बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचे नाव लेखी घ्यावे.

थोडक्यात, "होल्ड आहे" एवढ्यावर परत फिरू नका. विचारा, "कशाचा होल्ड? किती रकमेचा? कधीपर्यंत?" आणि उत्तर कागदावर मागा.

चेक परत आला तर

सगळी काळजी घेऊनही एखादा चेक परत येतो. पहिली गोष्ट, बँकेकडून परतीचा मेमो घ्या. त्यावर कारण लिहिलेले असते. कारण सहीतला फरक किंवा तारखेची चूक असेल, तर नवा चेक घेऊन काम भागते. कारण अपुरी शिल्लक असेल, तर परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ तुमच्या बाजूने उभे आहे. त्याच्या मुदती पेरणीच्या वापशासारख्या आहेत. गेल्या की गेल्या.

मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत व्यापाऱ्याला पैशाची लेखी मागणी करणारी नोटीस गेली पाहिजे. रजिस्टर पोस्टाच्या पद्धतीने पाठवा आणि पावती जपा. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस मिळतात. त्यातही पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एक महिन्यात न्यायालयात तक्रार करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "पुढच्या सोमवारी देतो" यावर विसंबून पुष्कळांनी हे ३० दिवस घालवले आहेत. व्यापाऱ्याशी गोडीने बोला, जरूर बोला. पण नोटीस बाजूला ठेवून बोलू नका.

शिवाय बाजार समितीच्या आवारात विकलेल्या मालाचे पैसे त्याच दिवशी द्यायचे असतात. पैसे थकले किंवा चेक परत आला, की समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार द्या आणि सोबत हिशेबपट्टी, काटा पावती व मेमोची प्रत जोडा. व्यापाऱ्याचा परवाना समितीच्या हातात असतो, ही मोठी दोरी आहे. तिथे दाद लागली नाही, तर जिल्हा उपनिबंधकांकडे जा. शिवारात कच्च्या चिठ्ठीवर माल दिला असेल, तर मात्र ही दोरी हातात राहत नाही.

नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आठवा. रोकड आटली, कांद्याच्या बाजारात चेकने पैसे देणे सुरू झाले आणि पैशासाठी शेतकऱ्याला बँकेच्या फेऱ्या पडल्या. तेव्हा कळले, की चेक घेणे सोपे आणि चेक समजून घेणे वेगळे.

ऊस, दूध आणि पगार

ऊस घालणाऱ्यांसाठीही एक मुदत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. म्हणजे बिल बँकेत अडले, की मुळात कारखान्याकडूनच आले नाही, हे आधी तपासा. दोष एकाचा आणि भांडण दुसऱ्याशी, असे होऊ नये. दूध संस्थेच्या बिलाचेही तसेच. संस्थेने यादी बँकेला दिली का, हे पहिले विचारा. बँकेत नंतर जा.

आता गावकारभाऱ्यांसाठी चार शब्द. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणत आलो), पाणी सोडणारा कर्मचारी, शिपाई, संगणकावर बसणारा मुलगा यांचे मानधन चेकने देत असाल, तर तो चेक त्याच्यासाठी पगार आहे. दोन सह्यांतली एक राहिली म्हणून चेक आठवडा पडून राहिला, आणि मग शुक्रवारी संध्याकाळी हातात दिला, तर त्याचे घर मंगळवारपर्यंत किराणा दुकानाच्या वहीवर चालते. शक्य असेल तिथे रक्कम थेट खात्यावर पाठवा. चेकच द्यायचा असेल, तर आठवड्याच्या सुरुवातीला आणि सकाळी द्या. याला खर्च शून्य आहे.

चेकपेक्षा सरळ वाट

खरे सांगायचे तर व्यापाऱ्याला म्हणावे, "शेठ, चेक नको, खात्यावर टाका." एनईएफटीने पैसे पाठवण्याची सोय १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास आणि सुट्टीच्या दिवशीही चालू आहे. दर अर्ध्या तासाने हिशेब होतो. दोन लाखांच्या पुढच्या रकमेसाठी आरटीजीएस आहे, तेही १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालते. पैसे घेणाऱ्याला त्याचा आकार पडत नाही. यात होल्डचा नाला मुळातच लागत नाही, कारण व्यापाऱ्याच्या खात्यातून पैसे निघाल्याशिवाय आपल्याकडे काही येतच नाही. चेक ही वचनाची चिठ्ठी आहे, तर खात्यावर आलेली रक्कम हा पैसा. फक्त खाते क्रमांक आणि आयएफएस कोड पासबुकावरून उतरवून द्या, तोंडी सांगू नका. एक आकडा चुकला तर पैसे दुसऱ्याच्या घरी जातात. आणि "पाठवले" असा मोबाईलवरचा फोटो दाखवला म्हणून गाडी खाली करू नका. आपल्या खात्यात आले का, ते आपणच बघा.

तक्रार कुठे?

आधी शाखाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज, तारीख आणि पोच घेऊन. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका पूर्वी या योजनेबाहेर होत्या; १ नोव्हेंबर २०२५ पासून त्याही आल्या. आपल्यातल्या बहुतेकांची सोसायटी जिल्हा बँकेशी जोडलेली असल्याने हा बदल आपल्या कामाचा आहे.

लक्षात ठेवण्यासाठी

१) पासबुकातली नोंद म्हणजे पैसे नव्हेत. 'उपलब्ध शिल्लक' विचारा.
२) चेक सकाळी, काउंटरवर, शिक्का घेऊन द्या. शुक्रवार दुपार आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारच्या आधीचा दिवस टाळा.
३) तारीख, नाव, अंक, अक्षर आणि खाडाखोड पेढीवरच तपासा.
४) होल्ड कशाचा आहे, ते लेखी विचारा. क्लिअरिंगचा असेल तर थांबा, थकबाकीचा असेल तर अर्ज द्या.
५) चेक परत आला तर मेमो घ्या आणि ३० दिवस मोजायला लागा.
६) वटायच्या चेकच्या भरवशावर खासगी कर्ज उचलू नका. एक दिवस थांबून काम भागते का, ते आधी बघा.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबतो. त्या बुधवारी तात्यांना थांबणे शक्य होते का? होते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन ओली झाल्याशिवाय पेरू नका, हे आम्हीच सांगत असतो. तात्यांच्या शिवारात त्या दिवशी तेवढा पाऊस झालेलाच नव्हता. बियाणे एक दिवस उशिरा घरी आले असते, तर काहीही बिघडणार नव्हते. पण "पैसे आले" असे आमच्यासारख्याने सांगितल्यावर, आणि बँकेने नाही म्हटल्यावर, माणसाचा धीर सुटतो. खासगी सावकार जगतो तो याच सुटलेल्या धीरावर. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. एका दिवसासाठी घेतले, तर हिशेब करायची सोयच नाही.

यंदा तात्यांनी मका आणि कांदा दोन्ही विकले. व्यापारी चेकबुक उघडायला लागला, तसे तात्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर नातीच्या अक्षरात खाते क्रमांक आणि आयएफएस कोड लिहिलेला होता. म्हणाले, "शेठ, चेक राहू द्या. यावर टाका. मी इथंच बसतो." अर्ध्या-पाऊण तासाने मोबाईल वाजला. तात्यांनी मला फोन केला, "साहेब, आले. आणि या वेळेस उपलब्ध शिल्लक बघून सांगतोय."

शेतकरी बंधूंनो, पीक काढायला आपण चार महिने धीर धरतो. पैसे काढताना चार प्रश्न विचारायला चार मिनिटे लागतात. ती मिनिटे वाचवू नका.